मॅडम, जरा बाहेर या

सर्जरीच्या वॉर्डात नातेवाईक भडकले की एकच हाकाटी व्हायची, "मॅडमना बोलवा!" मॅडम म्हणजे युनिटातल्या एकुलत्या एक बाई सर्जन. वाईट बातमी सांगायची, रडणाऱ्या आईजवळ बसायचं, बाह्या सरसावून आलेल्या काकांना खाली बसवायचं, सगळं त्यांच्या गळ्यात. "बाईंना जमतं हो!" बडे साहेब म्हणायचे, जणू बायका हे आईच्या पोटातूनच शिकून येतात. तेवढ्यात मॅडमच्या वाट्याचं ऑपरेशन आत राजे उरकून टाकायचे. राजे म्हणजे जोडीचे सर्जन. भला माणूस, पण टोपीखाली झाकायचे केसही विंचरून येणारा.

युनिटप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा मॅडमनी हक्क सांगितला. साहेब हसले. "अहो, तुमची ऑपरेशनं कुठे आहेत? तुम्ही तर सदा बाहेर!"

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी सासूबाईंनी तेल ओतलं, "बोलावलं की उठतेस कशाला? तो राजा बसतो ना ढिम्म!"

दुसऱ्या दिवशी स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन होतं, मॅडमचं. हातमोजे चढवून त्या उभ्या राहिल्या, तोच सिस्टर धावत आल्या.

"मॅडम, वॉर्डात गोंधळ चाललाय. साहेब म्हणतात, तुम्ही जरा बाहेर या, राजे सर सुरू करतील."

"राजे सरांनाच पाठवा."

"त्यांना कसं जमेल?"

"तोंड आहे ना? मीही तोंडानेच बोलते."

राजे गेले. एका म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला, चार शब्द पुटपुटले आणि चहाला पळाले. इकडे मॅडम कमरेचा काटा ढिला होईस्तोवर उभ्या होत्या. ऑपरेशन फत्ते झालं.

बाहेर मात्र डंका वेगळाच. "सर स्वतः आले हो! एवढा मोठा सर्जन, पण काय माणुसकी!"

संध्याकाळी साहेबांनी राजेंना प्रमुख केलं. "नुसता हात नाही, मनही आहे त्यांच्याकडे," ते गहिवरून म्हणाले. मॅडम इतकी वर्षं जे वाटत आल्या, ते बहुधा मन नसून पाणपोईचं फुकटचं पाणी होतं!

सकाळी पुन्हा सिस्टर ऑपरेशन थिएटरच्या दारात. "मॅडम, नातेवाईक..."

"नव्या प्रमुखांना सांगा. मन त्यांच्याकडे आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे नुसता हात. सुरी द्या."

आणि त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.