सरासरी बिघडवणारी

माझ्या लहानपणी शाळेत साहेब तपासणीला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी गुरुजी वर्गात फिरायचे आणि ठरावीक पोरांच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "उद्या गवताला जा." ठरावीक म्हणजे आम्ही ढ पोरं. त्यात मी कायम असायचे. वडील फौजेत, रान एकट्या आईच्या अंगावर. खुरपायला एक हात वाढला म्हणून तिला बरंच वाटायचं. साहेब गेल्यावर कंदी पेढे वाटले जायचे. ते कसे होते, हे मैत्रिणी मला दुसऱ्या दिवशी सांगायच्या.

एकदा हट्टानं गेले, तर गुरुजींनी दारातच अडवलं. "तू बसलीस की वर्गाची सरासरी बिघडती. जा घरी." सरासरी म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं. आपण ताटाबाहेर काढायच्या खड्यासारखे आहोत, तेवढं कळलं.

तेव्हापासून मी डूख धरून आहे. लोक म्हणतात, मागचं विसरावं. विसरावं त्यांनी, ज्यांना आत बसवलं होतं.

आता मी वडूजच्या अलीकडच्या एका गावात चौथीला शिकवते. गेल्या वर्षी वर्गात एक नवी पोरगी आली. आईबाप कुपवाडला कारखान्यात कामाला, म्हणून तिला आजोबांकडं ठेवलेली. पहिल्या दिवशी तिला सोडायला आजोबा आले आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. तेच गुरुजी. टोपी तीच, चाल तीच, फक्त पाठ थोडी वाकलेली. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना पाठमोरं बघूनसुद्धा ओळखलं असतं.

पोरगी गोड होती, पण वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ आली की रडकुंडीला यायची. थोड्याच दिवसांत वरून चाचणीचा निरोप आला. साहेब स्वतः येऊन मुलांना तपासणार होते. मधल्या सुट्टीत गुरुजी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमी काळजी करू नका. परवा पोरीला मी घरीच ठेवतो. आमी बी नोकरी केलीय. तुमची सरासरी कशाला बिघडवायची?"

हे त्यांनी अगदी उपकार केल्यासारखं सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी हसून म्हणाले, "गुरुजी, उद्या मी सरासरीच शिकवणार आहे. तुमच्यासारखं जाणतं माणूस वर्गात बसलं, तर मुलांना हुरूप येईल." म्हातारा खूश झाला. दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून हजर.

मी जमिनीवर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग ओतला होता. पाच मुलांना पुढं बोलावलं आणि एकेक मूठ उचलायला लावली. बारा, नऊ, पंधरा, दहा, आणि गुरुजींच्या नातीची इवलीशी मूठ, चार. "आता सगळ्यांच्या सारख्या करा," म्हटल्यावर इकडच्या तिकडं करून प्रत्येकाच्या वाट्याला दहा आल्या. ही सरासरी. मग थोरल्या मुठीतून धाकटी मूठ वजा केली, अकरा आले. त्याला आम्ही 'पांगापांग' असं नाव दिलं. सगळे किती पांगलेत, ते त्यातून कळतं.

ढीग पुन्हा मूळच्यासारखे लावले. "गुरुजी, नातीच्या एवढ्या चार शेंगा जरा तुमच्या खिशात ठेवा." त्यांनी हौसेनं ठेवल्या. मुलांनी उरलेल्या चौघांची सरासरी काढली. साडेअकरा. पांगापांग उतरून सहावर आली.

"बाई, सरासरी वाढली!" पोरं ओरडली. "पांगापांग बी कमी झाली!"

"व्हय. पण शेंगा कुणाच्या वाढल्या?"

पोरांनी ढीग पुन्हा मोजले. मग पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "कुणाच्याच न्हाई. हिच्या तेवढ्या गेल्या."

"कुणी घेतल्या?"

सगळ्या वर्गानं गुरुजींच्या खिशाकडं बोट केलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "गुरुजी, मी तुमच्याच वर्गातली. तपासणी आली की गवताला जाणारी." त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाले, "लय पोरं असायची, बाई. ध्यानात न्हाई." शेंगा त्यांनी एकेक मोजून नातीच्या ओंजळीत परत ठेवल्या. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? "उद्या तुम्हीच तिला हाताला धरून आणायचं," मी बजावलं.

त्यांनी आणली. चाचणी झाली, साहेबांनी तिथंच बसून गुण मांडले आणि चुकचुकले. "बाई, ही एक पोरगी वगळली असती ना, तर तुमचा वर्ग सगळ्यांत वर गेला असता."

गुरुजी नातीचं दप्तर घेऊन दारात उभे होते. मी मोठ्यानं म्हणाले, "वगळायचं कसं, ते या गुरुजींना विचारा साहेब. त्यांचा हात त्यात बसलेला आहे."

म्हातारा खाली बघेल, निघून जाईल, असं मला वाटलं होतं. ते आत आले. "न्हाई साहेब," ते म्हणाले. "तिला धरूनच काढा सरासरी."

साहेबांनी मान डोलावली. मी जिंकले होते, पण मला संताप आला. म्हणजे हे वाक्य या माणसाला येत होतं. नातीसाठी तोंडातून निघालं, आणि मी त्याच्यासमोर दारात उभी होते तेव्हा निघालं नव्हतं. पोरगी आजोबांचं बोट धरून घरी गेली. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, कारण माझं रडू तरी त्या माणसाला मला दाखवायचं नव्हतं.