उलट्या गाठीच्या सतरंज्या

नव्वदच्या दशकात मी सांगलीतल्या एका सरकारी कचेरीचं भांडार सांभाळायचो. संशय माझ्या पाचवीलाच पुजलेला. बायको म्हणायची, "तुम्ही दूधसुद्धा दोनदा वास घेऊन पिता." खरंच घ्यायचो.

त्या वेळी नियम असा होता, की सतरंज्या, खुर्च्या, टेबलं आधी तुरुंगातल्या कारखान्याकडे मागायची. त्यांनी 'आमच्याकडे नाही' असा दाखला दिला, तरच बाजारात जायचं. या नियमातून पळवाटा काढणारे मी पुष्कळ पाहिले होते. म्हणून तुरुंगाचा शिक्का मारलेला सतरंज्यांचा गठ्ठा आला, तेव्हा मी एकेक उलटून पाहिली. चार सतरंज्यांच्या काठाला उलट्या बाजूने गाठी होत्या. असा काठ मी जतच्या बाजारात घोंगड्यांना पाहिला होता. झालं! बाहेरचा माल आणून वर शिक्का मारलाय, असं ठणकावून लिहिलं आणि गठ्ठा परत धाडला. त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होतो.

महिन्याभराने साहेबांनी मला खातरजमा करायला तुरुंगात पाठवलं. तिथल्या कारखान्यात एक माग रिकामा होता. विणकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी स्वयंपाकघरातून पन्नाशीच्या एका वाळक्या कैद्याला बोलावून आणलं. तो जतकडचा, पिढीजात घोंगडी विणणारा. माझ्या पत्रावरून चौकशी लागली, तेव्हा त्याला मागावरून उठवून कांदे चिरायला बसवलं होतं.

मी त्याच्या हातात सूत दिलं. हाताकडे न बघताच त्याने गाठ मारली. तीच, उलटी.

"आमच्यात अशीच मारत्यात, सायेब. हात दुसरीकडं वळतच न्हाई. तेवढा माग परत द्या म्हणावं. मागावर बसलं की दिस सरतुया. हितं सरंना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आल्या आल्या मी लिहून दिलं, चूक माझी, माल तुरुंगातलाच, विणकराला त्याचा माग द्यावा.

पुढच्या खेपेला नवा गठ्ठा आला. सोबत चिठ्ठी होती, की तक्रार नको म्हणून यापुढे सगळे काठ एकसारखे केले जातील. विणकराबद्दल अवाक्षर नव्हतं.

मी एकेक सतरंजी उलटून पाहिली. सगळ्या पाहून झाल्यावर पुन्हा पहिलीपासून पाहिल्या. उलटी गाठ कुठेच नव्हती. त्याने मागावर बसून हात वळवायला शिकून घेतलं होतं, की तो अजून कांदेच चिरत होता, हे मला आता कशावरूनच ओळखता येणार नव्हतं.