भांगाला न आलेला तांडेल

दुपारच्या सुन्न शांततेत मोरीतला नळ खाकरतो. पाणी येण्याआधी तो नेहमीच असा खाकरतो. आज मात्र बादलीत दोन थेंब टपकतात आणि नळ गप्प होतो. हेमांगी अर्धी उठते. पूर्ण उठली तर कुशीतली मिहिका जागी होणार, आणि जागी झाली की विचारणार. पाणी गेलं चुलीत, असं पुटपुटत ती पुन्हा आडवी होते.

काय विचारणार, ते तिला पाठ आहे. आज भांग लागलाय ना, मग आजोबा आले का?

आजोबा म्हणजे हेमांगीचा बाप, धर्माजी. बोटीवरचा तांडेल. सगळी बोट त्याच्या शब्दावर चालायची. गेल्या मार्गशीर्षात तो दवाखान्यात वारला. चार वर्षांच्या पोरीला काय सांगणार? हेमांगीच्या तोंडून निघून गेलं, "बोटीवर गेलेत." कधी येणार म्हटल्यावर उत्तरही जिभेवर तयारच होतं, "भांगाला."

दुसरी कुणी असती तर एखादी चांदणी दाखवून मोकळी झाली असती. पण थाप कोळणीची, तिला भरती-ओहोटीचा हिशेब आलाच. उधाणाच्या ओढीत बोटी जाळी टाकायला जातात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावलं की भांग लागतो आणि गडी घरी येतात. हे चुकत नाही. त्यामुळे महिन्यातून दोनदा मिहिका उंबऱ्यात बसते, आणि महिन्यातून दोनदा तिला उचलून आत आणावं लागतं.

म्हणून आज सकाळी हेमांगी तिला खाडीकाठच्या बागेत घेऊन गेली. लोक रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगींत राहायला आल्यावर जुना कोळीवाडा ओस पडला. त्याचीच आता ही बाग केली आहे: थोडी घरं रंगवून राखली आहेत, तिवरांमधून लाकडी पायवाटा काढल्या आहेत, आणि घरांत फायबरची माणसं बसवली आहेत. त्यातलं एक घर धर्माजीचंच. तिथे जाळं सांधणारा एक म्हातारा आहे. मिहिका दाराशी बांधलेल्या दोराखालून घुसली आणि तिने त्याच्या गुडघ्याला मिठी मारली. "चला ना घरी, भांग लागला." लोक हसले. एकाने तर मोबाईल काढला.

डोळा लागतोय की नाही, कोण जाणे. नळ पुन्हा खाकरतो. या वेळी उठायलाच हवं. हेमांगी पलंगावरून पाय खाली सोडते, तर पायाला फळ्या लागतात. ओलसर, उन्हाने तापलेल्या.

पायवाट तिवरांमधून जाते आहे. दोन्ही बाजूंना पक्ष्यांची नावं लिहिलेल्या पाट्या. पुढच्या पाट्यांवर पक्षी नाहीत. इथे हेमांगी पोहायला शिकली. इथे हेमांगीची चप्पल चिखलात गेली. ती वाचत वाचत चालते. तिला नवल वाटत नाही.

घराला दोर बांधलेला आहे. आत जाळं सांधणारा मान वर करत नाही.

"तिकीट काढलंस?"

"आपल्याच घराचं तिकीट रे, बा?"

"मग! मना पन बाहेर सोडीत नाय."

त्याचा एक हात चकचकीत आहे, रंगवलेला. दुसरा नेहमीचा, सुरकुतलेला. गळ्यात पाटी आहे: कृपया हात लावू नये.

"हे काय गळ्यात बांधून घेतलंस?"

"मी बांधलं? तुमीच बांधलंत." तो जाळं झटकतो. "बस."

ती बसते ती दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर. खिडकीबाहेर बोंबील वाळत घातलेत, रांगेने. जाळं खाटेवरून खाली उतरून दूर कॉरिडॉरपर्यंत पसरलं आहे.

"मना कुठं धाडलंस, बाय?"

"बोटीवर."

"नि कवा येतो म्हणून सांगितलंस?"

"भांगाला."

"मग आलो?"

हेमांगी बोंबलांकडे बघते.

"वादळात आलो," धर्माजी म्हणतो. आवाज चढलेला नाही, मासळीचा भाव सांगावा तसा. "इंजिन बसलं तवा शीड बांधून आलो. भांग लागला नि धर्माजी घरी नाय, असं तुज्या आयशीला कवा बोलावं लागलं नाय. नि आता माजी नात उंबऱ्यात बसते, नि मी येत नाय. मेल्यावर मना खोटा पाडलास."

"मग काय सांगू? चार वर्षांची आहे ती!"

"मेलो सांग. मेलेला मानूस येत नाय, त्यात त्याची बेअब्रू नाय."

"रडेल रे."

"रडंल. तू रडलीस?"

"वेळ कुठे होता?" ती म्हणते. "गॅसवर दूध होतं."

तो हसतो. अर्धं हसू रंगाच्या बाजूला पोचतच नाही. तेवढ्यात तिला सुचतं, आणि ती लहानपणी जत्रेला पैसे मागताना लावायची तशी लाडीगोडी लावते. "बा, तूच ये ना एकदा. नुसता उंबऱ्यापर्यंत. तिला दिस आणि जा."

"डोकं ठिकानावर हाय का तुजं? एकदा आलो, तर फुडल्या भांगाला काय करशील?"

तो सुताचं टोक पुढे करतो. "धर. गाठ मारायची हाय."

ती सूत बोटाला गुंडाळून ताणून धरते. दवाखाना नाही, घर नाही. होडीच्या पोटात दोघं समोरासमोर बसलेत आणि भोवती भांगाचं पाणी, ताटात ओतल्यासारखं निश्चल. लाकडी सुई जाते, येते. सूत बोटात रुततं.

"झाली. सोड आता."

"झाली का नक्की?"

"झाली गं. तू सोड, मग मी उठतो."

ती सोडत नाही. तो वाट बघतो, घाई करत नाही. बोट काळंनिळं होतं. मग ती सोडते.

छतावर पंखा फिरतो आहे. उजव्या हाताच्या बोटाला सुताचा वळ आहे, दोन वेढ्यांचा, खोल. हेमांगी चादर झटकते, उशी उचलून बघते, मिहिकाच्या फ्रॉकची शिवण चाचपते. दोरा कुठेच नाही.

मिहिका जागीच आहे. "आई, आजोबा आले?"

"नाही." हेमांगी तिला मांडीवर घेते. "येणार नाहीत, मिहू. आजोबा मेले. दवाखान्यात. ते बोटीवर गेलेच नव्हते. मी खोटं सांगितलं तुला."

"म्हावरं मरतं तसे?"

"तसेच."

मिहिका रडत नाही. ती आईच्या खांद्यावरून खिडकीबाहेर खाडीकडे बघते.

"मग बोटीवर कोण आहे?"