नारूचे डॉक्टर

डॉक्टर शिंगटे गेल्याचं मला मेहकरच्या मोटारस्टँडवर कळलं. आमच्या गावचा एक माणूस गाडीतून उतरला, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "बाई, तुमचे डाक्तर गेले म्हंते." तुमचे! माझं डोकंच फिरलं. भर स्टँडवर त्याला म्हटलं, "काऊन रे, माह्या एकटीचे होते का ते? तुह्या पायातला नारू कोनं काहाडला होता?" आणि बोलता बोलता मीच रडायला लागले. आता महिना होत आला. बुलढाण्याच्या दवाखान्यात कावीळ चढत गेली आणि बघता बघता माणूस संपला. पाणी गाळा, पाणी उकळा म्हणून अख्खा जिल्हा पालथा घातला आणि शेवटी पाण्यानंच गेले... याला काय म्हणावं?

मूळचे ते साताऱ्याकडचे. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास आमच्या जिल्ह्यात आले. देवीच्या लशी, हिवतापाची फवारणी, जत्रेतला कॉलरा, सगळं त्यांच्याच अंगावर. पण लोकांच्या तोंडी नाव पडलं नारूचे डॉक्टर. ज्यांनी नारू पाहिला नाही ते भाग्यवान! पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यालं की त्यातून तो पोटात जातो, वर्षभर अंगात मुकाट वाढतो, आणि एक दिवस पायाला फोड येऊन पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर डोकावतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सडलाच. असा पाय घेऊन माणूस विहिरीत उतरला की पुढच्या वर्षाचे नारू पाण्यात सोडून येतो. डॉक्टर हे सांगायचे तेव्हा त्यांची शुद्ध भाषा ऐकून बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. मग तेही चिडून आमच्या बोलीत म्हणायचे, "काऊन हसता?" की हशा आणखी वाढायचा.

गावाचं नाव लिहीत नाही, माझी माणसं अजून तिथंच राहतात. गावात मोठी बारव होती, थेट पाण्यापर्यंत पायऱ्या. आमच्या बौद्धवस्तीला तिथं पाय ठेवायची बंदी. म्हणून माझ्या बानं आणि वस्तीतल्या माणसांनी मुरूम फोडून आपली विहीर खणली होती. अरुंद, काठ बांधलेली, दोरानं शेंदायची. पाण्याला कुणाचा पाय लागायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर घरोघर पाय तपासत फिरले तेव्हा गावात दर दोन-चार घरांआड नारू, आणि आमच्या वस्तीत एकाच्याही पायाला नाही. ते आमच्या अंगणात येऊन बसले, पाणी मागून प्याले आणि बाला म्हणाले, "भिकाजीराव, गावाला तुमच्या विहिरीचं पाणी द्याल?" बाला जन्मात कुणी 'राव' म्हटलं नव्हतं, त्यानं मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय! बोलली ती माय. "देऊ ना. पान्याले काय नाई म्हनाचं असते? आमाले नाई म्हनले तं आमी बी म्हनाव का? पन घेतीन का ते, तेवढं पाहा."

चावडीवर बैठक भरली. आमची माणसं लांब, लिंबाखाली. डॉक्टरांनी घसा फोडून सांगितलं, बारव बंद करा, पायऱ्या चिणून वरून रहाट लावा, तोवर तरी वस्तीच्या विहिरीवरून भरा. पाटील शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. ते म्हणाले, "डाक्तरसाहेब, नारू पायातून निंगून तं जाते. ते पानी पोटात गेल्यावर कुठून काहाडाव?" सगळी चावडी हसली. बारवेच्या पायऱ्या वाडवडिलांच्या, नव्या नवऱ्या तिथं पुजायला जातात, त्या चिणायच्या म्हणजे काय? विषय संपला. डॉक्टर उठून जीपकडे गेले.

वर्ष उलटलं आणि पाटलांच्या मधुकरच्या घोट्याला फोड आला. एकुलता एक मुलगा, तालमीतलं अंग, लग्न ठरलेलं. पेरणीची घाई, खाटेवर पडून राहणं त्याला जमेना. कुणीतरी नारू हिसडून ओढला, तो तुटला, वर गोवरीची राख भरली. धनुर्वात झाला. डॉक्टर स्वतः जीपमध्ये घालून त्याला घेऊन गेले, पण तोवर त्याचं शरीर धनुष्यासारखं वाकून ताठलं होतं आणि दातखीळ बसली होती. शेवटी त्याला घोटभर पाणीही गिळता आलं नाही. त्याची माती झाल्यावर डॉक्टर सरळ आमच्याकडे आले. अंगणात टेकले. मग म्हणाले, "हा नारू मागच्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा, भिकाजीराव." बैठकही त्याच उन्हाळ्यातली. बानं विचारलं, "पाटलाले सांगतलं?"

"बापाला काय सांगू?"... एवढंच.

पाटलांनी त्यानंतर बारवेच्या पायऱ्या स्वतः उभं राहून चिणून घेतल्या. रहाट लागला आणि दोन-चार वर्षांत गावातून नारू गेला. वरचे साहेब खूश झाले. डॉक्टरांना मात्र कुणी शाबासकी दिली की ते उठून बाहेर जायचे. आमच्या विहिरीवर गावातलं कुणी कधी आलं नाही. डॉक्टर येत राहिले. ज्या वस्तीत जातील तिथलं पाणी प्यायचे, गढूळ असो, काही असो. माय रागावायची, "लोकायले गाळा म्हंता अन् सोता?" ते म्हणायचे, "नाही म्हटलं तर त्यांना वाटेल, यालाही आपलं चालत नाही." त्याच पाण्यानं घात केला असणार. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि खरं सांगते, रागही येतो. एवढा शहाणा माणूस, जरा जपायचं होतं की हो!

गेल्या रविवारी मी गावी होते. दुपारी पाटील आले. आमच्या अंगणात, जन्मात पहिल्यांदा. आता पार थकलेत. बा गेल्यावरही आले नव्हते. मायनं धावत जाऊन घोंगडी टाकली. ते टेकले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाले, "डाक्तर मले कधी बोलले नाईत. एका शब्दानं नाईत. बोलाले पायजे होतं त्यायनं." डोळ्यांतून धार लागली होती, पुसायचंही भान नव्हतं. त्या उन्हाळ्याचा हिशोब त्यांनाही कळला होता तर... इतकी वर्षं एकट्यानं घेऊन बसले होते. उन्हातून आलेला म्हातारा, ओठ सुकलेले. माय आत गेली, तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला.

पाटलांनी तांब्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी टेकून उठले.

"नको बाई," ते म्हणाले, "मी घरून पिऊनच निंगालो."