पब्लिकला आवतान

बोरी बुद्रुकात सप्ताहाच्या काल्याचं आवतान द्यायचं काम साळुबाईकडं सासूकडून आलं. आदल्या दिवशी घरोघर जायचं, उंबऱ्यापाशी उभं राहून घरातल्या थोरल्या बाईला नावानं हाक मारायची आणि सांगायचं, "उद्या काल्याचं चूलबंद आवतान हाय बरं, लेकराबाळांसकट या." चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, अख्ख्या घरानं देवळात जेवायचं. गावठाण झालं की मळे, मळ्यांनंतर नदीकडच्या वस्त्या. उसाच्या कडेनं जाताना बिबट्याचं भय ते वेगळंच. चालून चालून गुडघे गेले, पण देवाचं काम म्हणून साळुबाई कण्हत का होईना, करत आली.

यंदा कमिटीतल्या रुपेशनं तिला देवळाच्या पायरीवरच गाठलं.

"आज्जी, आता घरी बसायचं. आवतान ग्रुपवर टाकलंय. समद्या पब्लिकला एका टायमाला कळलं."

"बरं केलंस बाबा," ती म्हणाली. तिला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी कॉलेजातनं आलेली नात, तेजस्विनी, तिच्या गुडघ्याला तेल चोळत होती. साळुबाईनं विचारलं, "पब्लिक मंजी नेमकं कोण गं?"

"लोक. सगळे लोक."

"मग लोक म्हणावं की. आमच्या टायमाला तमाशाच्या तंबूत बसायचं ते पब्लिक. कोण कुठलं, कुणाला ठावं न्हाई."

तेजस्विनीनं फोनमध्ये बघितलं. "आज्जे, लई जुना शब्द आहे. रोमचा. तिकडं लोकांना जो शब्द होता त्यावरनं झाला, मग इंग्रजांबरोबर आपल्याकडं आला. आणि त्यात म्हणे जाणत्या बाप्यांसाठीच्या दुसऱ्या एका शब्दाची भेसळ झाली."

"मंजी बायका न्हाईत त्यात?"

"आता आहेत गं."

"आता हाईत," साळुबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. "जरा वर चोळ."

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. साळुबाई देवळामागं हात धुवायला गेली तेव्हा नदीकडच्या वस्तीवर तिला धूर दिसला. घर कुशाबाईचं. कुशाबाई तिची चुलतजाऊ, घरात एकटीच. उंबऱ्यावर आवतान आल्याबिगर ती आजवर कुणाच्या पंगतीला बसली नव्हती. आणि काल्याच्या दिवशी गावात चूल पेटलेली साळुबाईनं पाहिली नव्हती.

ती रुपेशकडं गेली. "कुशाबाई न्हाई आली."

"आज्जी, बाकीची पब्लिक बघा की केवढी हाय. बुंदी पुरना झालीय."

"तिच्याकडं फोन न्हाई."

"मग तिच्या लेकाला गेला आसंल मेसेज."

"तो भोसरीला असतो."

"मग त्यानं कळवायचं तिला," म्हणत रुपेश बुंदीची बादली घेऊन पुढच्या पंगतीकडं वळला.

साळुबाईनं चपला शोधल्या. पांडुरंगाला हात जोडले, पण मागितलं काही नाही. मागायचंही जिवावर आलं होतं. ऊन तापलेलं, रस्ता उताराचा, आणि उतारालाच गुडघे जास्त दुखायचे.

कुशाबाईच्या तव्यावर भाकरी होती. तिनं मान वर केली नाही.

"आलीस व्हय? मला वाटलं मेलीस. म्हणलं, ह्या साली आवतान आलं न्हाई, मंजी साळीच गेली."

"गेले न्हाई. यंदा पब्लिकला बोलावलंय त्यांनी, फोनवरनं."

"मग बसू दे त्यांना जेवत. मला कोणी हाक मारली?"

साळुबाई उंबऱ्याबाहेर गेली, चौकटीला धरून उभी राहिली आणि दम खात म्हणाली, "कुशाबाई, काल्याचं चूलबंद आवतान हाय बरं."

कुशाबाईनं भाकरी उलटली, शेकली आणि गाईपुढं टाकली. मग जाळ ओढून त्यावर पाणी शिंपडलं. "लुगडं बदलते. तोवर बस."

साळुबाई बसली, तशी तिला पलीकडचे मळे दिसले. तिथंही धूर होता, इथं एक, तिथं एक.

"चल गं," कुशाबाई बाहेर येऊन म्हणाली.

"तू हो पुढं, मी मळ्यांकडनं येते. रुपेशला म्हणावं, पंगत आवरू नको," साळुबाई म्हणाली आणि उठण्यासाठी तिच्यापुढं हात केला.