आमच्या व्याह्यांचं उभं विमान

उभी असलेली गाडी बघून ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस सगळ्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो माझ्याच वाट्याला व्याही म्हणून आला. आमच्या परतवाड्याकडे इवाई म्हणतात, पण ते पडले नाशिकचे, म्हणून मी व्याही म्हणतो. मान द्यायला आपलं काही जात नाही. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला हा माणूस. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. पण यंत्र उभं राहिलं की मरतं, म्हणून रोज पाच मिनिटं का होईना ते सुरू केलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म. मी चौथी शिकलेला, लाकडाच्या वखारीवर आयुष्य काढलेला माणूस. दुसऱ्याचा धर्म बदलायला मी कशाला जाऊ? माझं म्हणणं फक्त एवढंच होतं की तो सकाळी सहा वाजता पाळू नये.

माझा मुलगा निलेश तिथं कॅरी नावाच्या गावी असतो. त्याच्या घरी मी कायमचा, आणि व्याही सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले. दोघांच्याही बायका देवाघरी गेलेल्या, त्यामुळे आमची भांडणं सोडवायला कुणी नव्हतं. सूनबाई मुग्धा घरूनच काम करते, म्हणून दुसरी गाडी गॅरेजमध्ये उभी असते. व्याही आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी चहा पीत होतो तर खाली गुरगुर सुरू झाली. जाऊन बघतो तर हे गॅरेजचं दार उघडून, गाडीत बसून, चावी फिरवून, डोळे मिटून बसलेले. देवळात बसावं तसे. मग गवत कापायच्या यंत्राचा नंबर. मग पानं उडवायच्या यंत्राचा, आणि तेसुद्धा वैशाखात, झाडावरून एक पान पडत नसताना. मुग्धाच्या ट्रेडमिलवर दोन वर्षं टॉवेल वाळत होते. व्याह्यांनी टॉवेल काढून घडी करून ठेवले आणि ट्रेडमिल रिकामी चालू करून शेजारी उभे राहिले. वर चढले नाहीत. मी म्हटलं, "चाला की मग." तर म्हणाले, "भाऊसाहेब, व्यायाम तिला हवाय, मला नाही."

घरातली यंत्रं संपल्यावर त्यांची नजर शेजाऱ्यांकडे गेली. समोरच्या अमेरिकन माणसाची एक बोट ताडपत्रीखाली झाकलेली असते. व्याही त्याच्याकडे गेले आणि "सर, बोट, स्टार्टिंग?" असं विचारून आले. तो बिचारा हसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तेव्हा हसला नाही. त्यानंतर तोच एकदा आमच्या दारात येऊन निलेशशी हळू आवाजात बोलून गेला, आणि तेव्हापासून गवताचं यंत्र दहानंतरच सुरू करायचं असा नियम झाला. व्याही म्हणाले, "या देशात कुणाला आवाजच सहन होत नाही."

दुसरी त्यांची खोड म्हणजे प्लग. कुठलीही गोष्ट बंद पडली की त्यांचं निदान एकच, "प्लगला कचरा आला असेल." मायक्रोवेव्हला कचरा, इंटरनेटला कचरा, एकदा माझी कंबर धरली तेव्हाही हेच. याचं मूळ त्यांच्या स्कूटरमध्ये आहे. नाशिकला त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आकाशी रंगाची जुनी स्कूटर आहे. तरुणपणी घेतली, लग्नानंतर बायकोला मागे बसवून सगळं नाशिक तिच्यावर फिरवलं. गुडघे गेल्यावर चालवणं सुटलं, पण रोज सकाळी खाली जाऊन तिला एका अंगावर तिरकी करायची, पेट्रोल उतरलं की सरळ करायची आणि किक मारायची, हे सुटलं नाही. अमेरिकेला येताना चावी वॉचमनकडे दिली. दर रविवारी सकाळी आमचा नाश्ता चालू असताना वॉचमनचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. तो स्कूटर तिरकी करायचा, हे इकडून पोह्याचा चमचा हवेत धरून ओरडायचे, "अजून थोडी! हां, आता सोड, सोड!" किक बसली की घरभर फटफट. मग पोहे खायचे.

तिरकं करण्यावर त्यांचा एवढा विश्वास की एकदा गवताचं यंत्र सुरू होईना, तर त्यांनी तेही तिरकं केलं. सगळं पेट्रोल लॉनवर. तिथं ताटाएवढं गवत जळून गेलं ते पुन्हा आलंच नाही. निलेश म्हणाला, "पप्पा, इथं असं करत नाहीत यार!" सासऱ्याला यार म्हणून गेला आणि दिवसभर माझ्या नजरेला नजर देईना.

सप्टेंबरात नाशिकहून बिल्डिंगच्या चेअरमनचा फोन आला. पार्किंग नव्यानं करायचंय, वापरात नसलेल्या गाड्या दिवाळीच्या आत हलवा, नाहीतर भंगारात जातील. मुग्धा म्हणाली, "पप्पा, आता डिस्पोज करून टाका ना. किती दिवस?" निलेशही तेच म्हणाला. मीही तेच म्हटलं. मी जन्मभर लाकूड विकलं, एका ओंडक्यासाठी डोळ्यात पाणी आणलं नाही.  त्या दिवशी व्याह्यांनी गॅरेजमधली गाडी पाच मिनिटांच्या जागी अर्धा तास चालू ठेवली.

आणि मग त्यांना कॉन्कॉर्ड सापडलं. फोनवर काहीतरी बघताना सापडलं, आणि माझ्या डोक्याला ताप झाला. आवाजापेक्षा जोरात उडणारं प्रवासी विमान, पांढरं, बगळ्यासारखं, समुद्रापलीकडून न्यूयॉर्कला जेवायच्या वेळेत आणून सोडणारं. उतरताना समोरचं दिसावं म्हणून चोच खाली वाकवायचं. "बघा भाऊसाहेब," व्याही माझ्याकडे बघून म्हणाले, "जमिनीवर यायचं तर मोठ्यांनाही मान वाकवावी लागते." मी ऐकू न आल्यासारखं केलं. पुढे कळलं की ते विमान आवाजाच्या पुढे गेलं की मागे एवढा धडाका व्हायचा की खिडक्या थरथरायच्या, म्हणून जमिनीवरून तसं उडायला बंदी होती. व्याह्यांना हे अगदी पटलं. "शेजाऱ्यांनी तक्रार केली असणार," म्हणाले. पण त्यांचा जीव अडकला तो पुढच्या गोष्टीत. ती विमानं उडायची बंद झाली तेव्हा भंगारात नाही घातली. म्युझियमांत नेऊन ठेवली. त्यातलं एक वॉशिंग्टनजवळ, आमच्या घरापासून मोटारीनं जाण्यासारखं.

"ठरलं," व्याही म्हणाले. "स्कूटर बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये ठेवायची. भोवती दोरी, पुढे पाटी. चेअरमनला मी पटवतो. पण आधी हे लोक कसं ठेवतात ते बघून येऊ."

अमेरिकेत सगळे सण शनिवारी येतात. दसरा आठवड्याच्या मध्ये होता, आम्ही तो शनिवारी केला. त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या पुजायच्या, तेव्हा विमानाला मोकळ्या हातानं कसं जायचं? व्याह्यांनी मुग्धाच्या परसातले सगळे झेंडू तोडून हार केला. पिशवीत हळदकुंकू घेतलं, नारळ घेतला. गाडीत मी पुढे बसलो, ते मागे. मुलाकडचा पुढे, मुलीकडचा मागे, ही आमच्याकडची रीत मी पहिल्या दिवसापासून सांभाळली होती. त्यांनीही कधी तक्रार केली नाही. मागून फक्त रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या मोजायचे आणि प्लगबद्दल बोलायचे.

म्युझियमच्या दारात पिशव्या तपासतात. तिथल्या बाईनं नारळ वर काढला, उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, हे काय? निलेश तोंड उघडायच्या आत व्याही छाती पुढे काढून म्हणाले, "फॉर द प्लेन!"

निलेशचा चेहरा पांढराफटक पडला. हाराबद्दल, दसऱ्याबद्दल, भारतात गाड्या कशा पुजतात याबद्दल तो इतकं भराभर इंग्रजी बोलला की त्याच्या कॉलेजच्या फीचं चीज झालं असं मला वाटलं. शेवटी हार आत, नारळ आणि हळदकुंकू परत गाडीत.

आत गेलो आणि ते समोर उभं. मी सहसा कशाला मोठं म्हणत नाही. मेळघाटातला साग बघितलेला माणूस आहे मी. पण ते मोठं होतं. भोवती दोरी, पुढे पाटी, व्याह्यांच्या मनासारखं सगळं. छप्पर होतं, थंडगार हवा होती, लोक फोटो काढत होते. व्याही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, वर बघितलं, खाली बघितलं, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, हे तिरकं कसं करत असतील?"

तिथं माहिती सांगायला आमच्याच वयाचा एक गोरा म्हातारा उभा होता. व्याह्यांनी त्याला गाठलं. "सर, डेली स्टार्टिंग?" म्हाताऱ्याला कळेना. निलेशनं समजावलं. तो हसून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?"

"सुरू करत नाहीत, पप्पा. आतलं तेल, इंधन सगळं काढून घेतलंय."

"महिन्यातून एकदा?"

"नाही."

"वर्षातून? दसऱ्याला?"

"पप्पा, ते आता कधीच सुरू होणार नाही."

"प्लग साफ केला तर? विचार त्यांना."

"मी हे नाही विचारणार."

"मग निदान करतात काय त्याचं?"

निलेशनं ते विचारलं. म्हातारा दोन्ही हात हलवून प्रेमानं सांगू लागला. "धूळ पुसतात," निलेश म्हणाला.

"धूळ पुसतात," व्याही माझ्याकडे वळून म्हणाले. कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी, तसे म्हणाले.

हार दोरीपलीकडे न्यायची परवानगी नव्हती. पण त्या म्हाताऱ्यानं तो हातात घेतला, वास घेतला, दोरीच्या खांबाला अडकवला आणि विमान, खांब, व्याही असा फोटो स्वतः काढून दिला. मग हार काढून दोन्ही हातांनी परत केला. व्याह्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. विमानाला करायचा राहून गेला.

पार्किंगमध्ये आल्यावर त्यांनी तो हार आमच्या गाडीच्या नाकाला बांधला, कुंकू लावलं आणि नारळ फरशीच्या कडेवर आपटला. "पप्पा, कुणी बघेल!" निलेश इकडेतिकडे बघत म्हणाला. "बघू दे. ही चालते ना? मग हिलाच," व्याही म्हणाले. खोबरं खात आम्ही निघालो.  मागून गाड्या मोजणं नाही, प्लग नाही. मी पुढून आरशात बघितलं, तर खिडकीबाहेर बघत बसलेले.

"काय व्याहीबुवा, दोरी कुठल्या रंगाची आणायची?"

"काही कमी नाही हो त्याला," ते म्हणाले. "छप्पर आहे, एसी आहे, विचारपूस करणारे आहेत. फक्त चावी कुणाकडेच नाही." मग म्हणाले, "आपल्यालाही इथं काही कमी नाही, नाही का?"  मी निलेशला म्हटलं, "गाडीकडे लक्ष दे."

दुसऱ्या दिवशी रविवार. वॉचमनचा फोन आला, स्कूटर तिरकी झाली, किक बसली. फटफट चालू असतानाच व्याही मोठ्यानं म्हणाले, "तू लांबून सायकलनं येतोस ना? आजपासून ही तुझी. कागदपत्रं मी आल्यावर करू. पण उभी ठेवायची नाही. उभी दिसली तर परत घेईन." पलीकडून तो काय म्हणाला ते आवाजात ऐकू आलं नाही. मुग्धा ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. मी म्हटलं, "अहो, पोहे गार झाले." 

दिवाळीच्या आधी व्हिसा संपला आणि ते परत गेले. विमानतळावर माझ्या पाया पडू लागले, मी पडू दिलं नाही. मुलाकडचा असलो म्हणून काय झालं.

परवा त्यांचा फोन आला. आवाजावरून स्वारी खूश. म्हणाले, "भाऊसाहेब, वॉचमननं मला स्कूटरवर सोमेश्वरच्या देवळापर्यंत नेऊन आणलं. मागे बसवून. अहो, इतकी वर्षं ती माझ्याकडे, पण मागच्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. तुमच्या कृपेनं सहा महिने मागे बसायची सवय झाली, म्हणून जमलं."

"मग? कसं वाटलं?"

"इंजिन सगळं मागच्याच्या खाली हो. नुसता आवाज. तो पुढून काय बोलत होता, मला एक अक्षर कळेना." मग म्हणाले, "आमची ही मागे बसायची ना, तेव्हा मी पुढून सारखा बोलत असायचो. ती म्हणायची, ऐकू येत नाही. मला वाटायचं, मुद्दाम म्हणते."

मी म्हटलं, "ठेवतो, पोहे गार होतायत." पोहे केलेच नव्हते.

काल किराणा आणायला निघालो. निलेशनं नेहमीसारखं पुढचं दार उघडून धरलं. मी मागचं उघडलं आणि व्याह्यांच्या जागी बसलो. तो म्हणाला, "बाबा, पुढे या ना." मी म्हटलं, "चल, गाडी काढ." हायवेला लागल्यावर तो पुढून काहीतरी बोलत होता. बराच वेळ बोलत होता. शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून मी ऐकत बसलो. गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.