टोचणारीला कोंडा

ज्यातलं माझ्या आत्याला कळत नाही, असा विषय अजून पुण्यात आलेला नाही. तिनं जन्मात कोंबडी पाळलेली नाही, अंड्याला हात लावलेला नाही. पण आमच्या कोंबड्यांचं काय चुकतंय हे सदाशिव पेठेतल्या घरी बसून फोनवर सांगायला ती कायम तयार. अज्ञान पुष्कळांकडे असतं. त्याला कडक इस्त्री करून मिरवणारी माणसं मात्र आमच्याच घराण्यात निपजली.

कोंबड्या माझ्या. घटस्फोट घेऊन मी माहेरी परतले, तेव्हा स्वारगेटच्या पलीकडे आमच्या तळमजल्याच्या घरामागे जे चिमूटभर अंगण आहे, तिथे पाच गावठी कोंबड्या आणून सोडल्या. दिवसभर लॅपटॉपवर कंपनीचं काम आणि संध्याकाळी या पाचजणी. ‘जरा जुळवून घेतलं असतंस तर?’ असं त्या विचारत नाहीत, एवढा गुण मला पुरेसा होता. सोसायटीतले सोवळे लोक आमच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावायचे आणि अंधार पडला की, ‘नातवाला डॉक्टरांनी सांगितलंय हो,’ म्हणत पिशवीत अंडी न्यायचे.

चैत्र आला. आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षी असतं. हळदीकुंकू आईचं, हुकूम आत्याचे. बाबा असल्या प्रसंगी आधी चपला शोधतात. आत्या आठवडाभर आधीच पाहणीला म्हणून राहायला आली आणि मागच्या दारात उभं राहून म्हणाली, “बायका हात धुवायला इकडे येणार. त्यांना ही पिसं दाखवायची आहेत का आपल्याला?”

झालं. दोघींपुरत्या खुराड्यात पाचजणी कोंबल्या, वर गोणपाट टाकलं. मी भांडले. “चारच दिवसांचा प्रश्न आहे गं,” आई म्हणाली. आत्यासमोर आईचे सगळे प्रश्न चारच दिवसांचे असतात.

चैत्रातलं ऊन, दाटी आणि चोचीला उद्योग नाही. पाचांत सगळ्यात आडमुठी ती काळी. तिनं भुरीच्या शेपटीपाशी पिसं उपटायला सुरुवात केली. भुरी स्वभावानं गरीब, कोपरा धरून बसणारी. एकदा रक्त दिसलं, मग बाकीच्याही तुटून पडल्या. मी गोणपाट काढलं तेव्हा तिची पाठ सोललेली होती आणि ती ओरडतही नव्हती.

मी कापूस आणि कोमट पाणी आणायला आत गेले. तेवढ्यात आत्यानं कपाटातली लाल औषधाची बाटली शोधून भुरीला लालभडक रंगवली आणि परत इतरांत सोडली. “आमच्या सगळ्यांचे गुडघे यानंच बरे झालेत,” ती म्हणत होती, तोवर चौघीजणी त्या लाल रंगावर धावल्या. कोंबडी लाल दिसलं की टोचते, हे तिला माहीत नसणं मी समजू शकते. पण मी रक्तानं माखलेली भुरी उचलून घेतली तेव्हा ती म्हणाली, “हीच काहीतरी करत असणार. उगाच कोण कशाला टोचेल?”

माझ्या संसाराबद्दलही ती अगदी हेच म्हणाली होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी जखम मिठाच्या पाण्यानं धुतली आणि लाल मांस दिसू नये म्हणून वर जांभळं औषध लावलं. “पुन्हा टोचली तर वाचणार नाही,” ते म्हणाले. “पण हिला आतल्या खोलीत लपवू नका. नजरेआड झाली की बाकीच्या हिला परकी समजतात आणि परत आणली की पुन्हा टोचतात. मध्ये जाळी लावून त्यांच्यासमोरच ठेवा. कोंडायचंच तर टोचणारीला कोंडा. तिचा ताठा उतरतो.”

मी खुराडं उघडलं, जाळी लावली, दोरीला कोबीचा गड्डा टांगला. चोचींना उद्योग मिळाला. काळीला दाणापाणी देऊन कोपऱ्यात डालग्याच्या पालथ्या टोपलीखाली घातलं. तिचा आवाज पहिल्या दिवशी काय लागला होता! आई दारातून बघायची. एकदा मात्र भिजवलेली डाळ मूठभर आणून तिनं आपणहून भुरीपुढे टाकली. भुरीनं ती खाल्ली. मला वाटलं, वाचतेय ही.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी आत्या मला म्हणाली, “उद्या तू आतच बस. चारचौघींत विषय नको.” आई कैऱ्या किसत होती, ती किसतच राहिली. आत्याचा मला राग आला. आईच्या गप्प बसण्यानं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत न बसता अंगणात जाऊन भुरीला औषध लावत बसले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, “मुलगी दिसत नाही?”

“ती बंगलोरला असते ना आता,” आत्या गोड आवाजात म्हणाली. “नवऱ्याबरोबर.”

मागचं दार वाजलं. हातात पन्ह्याचा जग घेऊन आई उभी होती. माझ्याकडे न बघता ती डालग्याकडे बघत होती.

“हिला अजून का कोंडलंयस?”

“टोचते म्हणून.”

“आणि भुरी?”

“तिला कशाला कोंडू? तिचं काय चुकलंय?”

आईनं भुरीची जांभळी पाठ एकदा नीट बघून घेतली. मग म्हणाली, “हात धू आणि चल.”

“हा जांभळा रंग जात नाही.”

“राहू दे मग.” तिनं जग माझ्या हातात दिला.

हॉलमध्ये शिरताच ती सगळ्यांदेखत आत्याला म्हणाली, “वन्सं, तुम्ही जरा मागे जाऊन बसा. कोंबड्यांकडे कुणीतरी बघायला हवं आणि तुम्हाला त्यातलं कळतं.”

“मी?”

“हो. स्टूल आहे तिथे.”

भरल्या घरात नाही म्हटलं असतं तर त्याचाच विषय झाला असता, म्हणून आत्या उठली. तिला अंगणाकडे जाताना बघून मला जो आनंद झाला, तो सांगायची मला मुळीच लाज वाटत नाही. मी जांभळ्या बोटांनी पन्ह्याचे पेले फिरवू लागले.

“अगंबाई, बंगलोरहून कधी आलीस?” आत्याच्या शेजारच्या एका काकूंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “बंगलोरला ती नव्हतीच. घटस्फोट झालाय तिचा, आता इथेच राहते. डाळ घ्या ना, कैरी यंदा चांगली आंबट मिळालीय.”